ब्रँडचं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, तर लोगो पुन्हा बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माल चांगला आहे, एकदा घेणारे परत येतात, तीन वर्षांत लोगो दोनदा बदलून झाला, तरी लोक नाव न घेता ‘ते निळ्या डब्यातलं द्या’ म्हणतात. आता जाहिरात एजन्सी म्हणते, तिसऱ्यांदा सगळंच बदला, रंगासकट.

बदलू नका. ‘निळ्या डब्यातलं’ ही तक्रार नाही. तीन वर्षांच्या खर्चातून हाती लागलेली तेवढीच एक कमाई आहे आणि एजन्सी नेमकी तीच पुसायला निघाली आहे.

फळीसमोर उभा असलेला माणूस वाचत नसतो, ओळखत असतो. १९१५ साली कोका-कोलाने नव्या बाटलीचे नमुने मागवले तेव्हा अट अशी होती की अंधारात हात लावला किंवा फुटून तुकडे पडले, तरी ती ओळखू यावी. उलट उदाहरण ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडचं. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत त्यांनी खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढलं, रसाचा ग्लास छापला, आडवं नाव उभं केलं. आतला रस तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणत असल्याचं जाहीर करावं लागलं. लोगोचा कंटाळा सर्वांत आधी मालकाला येतो, कारण तो रोज बघतो. ग्राहक वर्षातून चार-सहा वेळा बघतो. त्याची अजून नीट ओळखही झालेली नसते.

तेव्हा काम दोन. निळा पक्का करायचा आणि नाव त्याला बांधायचं.

निळा पक्का करणं ऐकायला सोपं वाटतं, पण छपाईत तो सर्वांत आधी हातचा जातो. स्क्रीनवरचा झगझगीत निळा चार रंगांच्या छपाईत उतरतच नाही. सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (किरमिजी) या शाईंच्या प्रमाणातलं अंतर ३० टक्क्यांपेक्षा कमी ठेवलं, तर तो जांभळ्याकडे झुकतो. डबा हीच ओळख असेल तर निळ्यासाठी स्वतंत्र शाई, म्हणजे पँटोन या रंगसूचीतल्या नंबरचा स्पॉट कलर, वापरा. तोच नंबर चकचकीत कागदावर वेगळा आणि साध्या पुठ्ठ्यावर वेगळा दिसतो, म्हणून दोन्हींचे मंजूर नमुने सही करून ठेवा: एक संच छापखान्यात, एक तुमच्याकडे, बंद पाकिटात, कारण उजेडात नमुनाच फिका पडतो. ऑर्डरवर ‘डेल्टा-ई ३ च्या आत’ असं लिहा (डेल्टा-ई म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचं माप), म्हणजे वाद नजरेवर न जाता यंत्राच्या आकड्यावर मिटतो. ‘मागच्या वेळसारखाच काढा’ हे वाक्य छापखान्यात कधीही बोलू नका. दर वेळी किंचित सरकत पाचव्या खेपेला निळा भलताच झालेला असतो.

आता नाव. झाकणावर नाव आहे का ते आधी बघा. डबा घरी गेला की दर्शनी बाजू भिंतीकडे वळते, रोज हात लागतो तो झाकणाला. बहुतेक झाकणं कोरी किंवा नुसत्या लोगोची असतात. जाहिरातीत डबा आणि नाव पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसायला हवं आणि नाव तोंडाने उच्चारलंही गेलं पाहिजे. शेवटच्या फ्रेमपर्यंत थांबलात तर तोवर बघणारा पुढे सरकलेला असतो. नाव एकाच वळणाच्या अक्षरात, एकाच जागी. हे नियम दोन पानांत बसवा. चाळीस पानांचं ब्रँड मॅन्युअल कोणी उघडत नाही.

नाव आणि लेबल नोंदवलं नसेल तर ते या सगळ्याच्या आधी. ट्रेडमार्कसाठी नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. शोध घेताना स्पेलिंगपुरतं न थांबता सारख्या उच्चाराची नावंही तपासा. नुसत्या रंगावर हक्क मिळवणं अवघड असतं, म्हणून रंगासह अख्खं लेबल नोंदवलेलं बरं.

फरक पडतोय का हे मोजायला विक्रीचा आकडा पुरत नाही. या प्रकारची वस्तू घेणाऱ्या, पण तुमचेच ग्राहक असतील असं नाही, अशा १०० जणांना विचारा. आधी मोकळा प्रश्न: ‘अशी वस्तू घ्यायची तर कोणती नावं आठवतात?’ मग नावांची यादी दाखवा आणि तीत एक खोटं, अस्तित्वात नसलेलं नाव घाला. शंभरातले बाराजण ‘हो, ऐकलंय’ म्हणत त्यावर बोट ठेवत असतील, तर तुमच्या नावाला मिळालेल्या होकारांतलेही साधारण तितके पोकळ धरा. शेवटी नाव झाकलेल्या डब्याचा फोटो. क्रम बदलायचा नाही. यादी आधी दाखवली की मोकळ्या प्रश्नाचं उत्तर फुकट गेलं. आणि शंभर जणांत दहाएक टक्के इकडेतिकडे होणारच, त्यामुळे १४ वरून १८ झालं म्हणून पेढे वाटू नका. सहा महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा.

हे सांभाळणार कोण, हे ठरवलं नाहीत तर वरचं सगळं वाया. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये १९३१ साली नील मॅकेलरॉय यांनी तीन पानी टिपण लिहून एका ब्रँडला एक जबाबदार माणूस मागितला, ब्रँड मॅनेजर हे पद त्यातून आलं. तुमच्याकडे वेगळी नेमणूक परवडणार नसेल तरी चालेल, पण ‘नाही’ म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा. सेल्सवाल्यांनी सणापुरता लाल डबा मागितला, तर तो अडवणारा कोणीतरी पाहिजे.

सवलतीलाही असंच कोणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं. १०० ला विकता आणि खर्च ६० आहे, तर १० टक्के सूट म्हणजे सुटणारे ४० चे ३० झाले; नफा तेवढाच राहायला विक्री ३३ टक्क्यांनी वाढायला हवी. शिवाय लोक पुढच्या सवलतीची वाट बघायला शिकतात ते वेगळंच.

राहिला प्रश्न तीन लोगोंपैकी कोणता ठेवायचा. नवा-जुना हा वाद नको. तिन्ही लोगो नावाशिवाय, तीन वेगवेगळ्या गटांना दाखवा आणि ‘हे कोणाचं?’ विचारा. जो सर्वांत जास्त ओळखला जाईल तो ठेवा, भले तो पहिला आणि तुमच्या मते ओबडधोबड असो. बाकीच्या लोगोंच्या डब्यांचा साठा उरला असेल तर एका दुकानात एकाच प्रकारचा डबा जाईल असं बघा. दोन्ही शेजारी दिसले की गिऱ्हाईक त्यातला एक नकली समजतं, आणि कोणता समजेल ते तुमच्या हातात नसतं.