नवीन फ्रीलान्सरने आधी झोप सांभाळावी

अभिनंदन रे! नोकरी सोडल्या सोडल्या अमेरिकेचे दोन क्लायंट मिळाले म्हणजे मस्तच. पण रात्री दोनपर्यंत जागतोयस ते आधी बंद कर. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे 6:30, हिवाळ्यात 7:30, त्यामुळे कॉल साडेनऊच्या आत आरामात बसतात, फक्त तुझी वेळ पहिल्याच मेलमध्ये सांगून टाक, कारण एकदा का रात्री बाराला रिप्लाय दिलास की त्यांना तीच सवय लागते आणि मग ती मोडणं जड जातं.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:
- येईल त्या कामाला हो म्हणणं. पुढचा महिना कोरडा जाईल ही भीती असते, कळतं मला, पण त्यावर इलाज म्हणजे तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकणं, अजून एक प्रोजेक्ट अंगावर घेणं नाही.
- ॲडव्हान्स न घेणं. पैशांच्या मागे धावण्यात कामापेक्षा जास्त दम जातो.
- लॅपटॉपसमोर जेवणं.

घरच्यांनाही वेळ सांगून ठेव, नाहीतर 'तू घरीच आहेस ना' म्हणत सिलिंडरपासून बँकेपर्यंत सगळं तुझ्या गळ्यात पडतं आणि काम परत रात्रीवर जातं. रविवार पूर्ण बंद, मेलसुद्धा नाही. रेट वाढवणं, टॅक्स वगैरे नंतर बोलू, आधी एवढं जमव.