दारावर पाटी लागली की

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये स्टुटगार्टला येताय, तुम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. जर्मन शेजारी वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत असं ऐकलंय, म्हणून मराठी कुटुंबं राहतात त्याच भागात घर बघावं का?

मी मूळची सांगलीची. एस्लिंगेनमध्ये राहते, नेकार नदीच्या काठी, स्टुटगार्टपासून एस-बाननं, म्हणजे लोकल गाडीनं, पाव तास. इथे येऊन अकरा वर्षं झाली. माझं मत विचाराल तर घर मिळेल तिथे घ्या. निवडत बसावं इतकी घरं इथे रिकामी नसतातच. शेजाऱ्यांचं म्हणाल, तर ते बोलत नाहीत हे अर्धं खरं आहे. कारण नसताना बोलत नाहीत, आणि ती कारणं कुठली ते आपल्याला ठाऊक नसतं.

घराचा ताबा मिळाला की आधी बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावून घ्या. इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो, आडनावच असतं. पाटी नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. आमचं बँकेचं कार्ड असंच परत गेलं होतं. (जर्मन लोक J हे अक्षर ‘य’ असं वाचतात, म्हणून आडनावात ‘ज’ असेल तर त्याचा ‘य’ होणार, मनाची तयारी ठेवा.)

आता केरवोखं. नावातला ‘केर’ आपल्या केरासारखाच ऐकू येतो, अर्थही झाडण्याचाच. ‘वोखं’ म्हणजे आठवडा. ही श्वाबेन भागाची, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशाची, खास प्रथा. तिचं मूळ 1492 सालच्या स्टुटगार्टच्या नियमापर्यंत नेतात. इमारतीतली कुटुंबं आळीपाळीनं सामाईक जागा झाडतात. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना येतो, मोठ्या पाळीत तळघर, दारासमोरची फरसबंदी, आणि थंडीत पहाटे उठून बर्फ काढणं. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवतात. काम झालं की त्यानं ती पुढच्या दाराला लावायची.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दाराला लाकडी पाटी दिसली, मला वाटलं नव्या भाडेकरूचं स्वागत केलंय. छान दिसत होती म्हणून मी ती घरात आणून शोकेसमध्ये ठेवली. दहाव्या दिवशी समोरच्या दारातल्या आजी बेल वाजवून उभ्या. हातात बादली आणि फडकं, चेहरा कोरा. त्यांनी नजरेनंच शोकेसमधली पाटी हेरली. मग रागावण्याऐवजी मला जिन्यात नेलं आणि शिकवलं: पायपुसणं उचलून खालची जागा झाडायची, पायरीचा कोपरा कोरडा घासायचा आणि मग ओला, कठडा शेवटी पुसायचा. मला जर्मन जेमतेम येत होतं, त्या बोलत होत्या श्वेबिश, म्हणजे इथली बोली. पण सासूबाईंनी सडा घालायला शिकवलेला असल्यामुळे मला सगळं कळलं. त्या वीस मिनिटांत जेवढी ओळख झाली तेवढी आधीच्या दोन महिन्यांत झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी जिना पुसला. आजी वरून बघून गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी खट्टू झाले. नंतर ऑफिसातल्या एका स्थानिक मैत्रिणीनं सांगितलं, इथे म्हणच आहे: ओरडा बसला नाही म्हणजे कौतुक झालं. सांगलीकडच्या माणसाला हे पचायला जड नाही. आमचे आजोबा असेच होते.

बाकीचे नियम पटकन सांगते. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नको. रविवारी ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही, काचेच्या बाटल्याही सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. कचरा वेगवेगळा करायचा. चुकलात तर पेटीवर चिठ्ठी येईल. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी सताड उघडी ठेवा. वास जिन्यात गेला की तक्रार घरमालकाकडे जाते, तुमच्याकडे येत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटलं होतं. समोरासमोर हसणाऱ्या माणसानं मालकाला पत्र लिहावं? आता वाटतं, त्यांच्या हिशेबात ते सौम्यपणाचंच आहे. जिन्यात भेटलं की मात्र प्रत्येकाला ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणा. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरतानाही, सगळ्यांना मिळून एकदाच.

ओळख वाढवायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पार्सल. तुम्ही घरी नसलात तर ते शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पत्रपेटीत चिठ्ठी टाकतात. तुम्हीही इतरांची घेत जा. पहिल्या वर्षी माझी निम्मी संभाषणं दुसऱ्यांच्या खोक्यांवरून झाली.

आणि फराळ. पहिल्या दिवाळीला मी आजींना स्टीलच्या डब्यात चकल्या आणि शंकरपाळे दिले. डबा आठवडाभर आला नाही, महिनाभर आला नाही. मी मनातल्या मनात डब्यावर पाणी सोडलं. डिसेंबरात आजी दारात, डबा घासूनपुसून लख्ख, आत गुट्स्लं. म्हणजे नाताळची बिस्किटं. या भागात त्यांना हाच शब्द. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्या नाताळचं भाजणं होईपर्यंत थांबल्या होत्या. तेव्हापासून आमच्यात तो डबा फिरतोय.

मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे तुमचं काम अर्धं झालं. बालवाडीत नाव घाला (जागेसाठी आत्ताच अर्ज करा, उद्या नको) आणि पालकसभा चुकवू नका. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास मुलं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी गाणी म्हणत फिरतात, मागून आईबाप. थंडीत हात गारठलेले असताना लोक बरंच बोलतात. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानंच न्यायचा, आणि शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात.

मोठ्यांसाठी फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. नोंदणीला सात सभासद पुरतात, त्यामुळे गाण्याचं, कसरतीचं, बागेचं, बुद्धिबळाचं, कशाचंही असतं. नवऱ्यानं इथे टेबल टेनिसचं धरलं. पहिले सहा महिने त्याच्याशी फक्त गुणांविषयी बोलले. मग वार्षिक जत्रेत सॉसेज भाजायच्या ठेल्यावर त्याची ड्यूटी लावली. शाकाहारी माणूस, चिमटा घेऊन तीन तास उभा होता. त्या दिवसापासून तो त्यांच्यातला झाला.

मराठी मंडळ हवंच. गणपतीला, आजारपणात, आईशी फोनवर भांडण झाल्यावर माणसं लागतात आपली. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा इथे मुंबईचं नाव कुणाला नवं नाही. पण मंडळाच्या आसपासच राहणाऱ्या काही कुटुंबांना आठ वर्षांनीही समोरच्या दारात कोण राहतं ते माहीत नाही, आणि रात्री अकराला किल्ली आत राहिली तर मंडळ चाळीस मिनिटांवर असतं. आमची जादा किल्ली आजींकडे आहे, त्यांची आमच्याकडे.

त्यांना अजून आजी म्हणते ते फक्त मराठीत. जर्मनमध्ये चार वर्षं मी ‘झी’ म्हणजे अहोजाहो करत होते. ‘डू’ म्हणजे अरेतुरे. ते म्हणायची परवानगी वयानं मोठ्या माणसानं द्यायची असते, आपण घाई करायची नाही. एका शनिवारी दोघी मिळून जिन्यातला बर्फाचा चिखल काढत होतो. त्यांनी फडकं पिळलं, हात पुसला, पुढे केला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. मग पुन्हा कठडा पुसायला लागल्या.

सामानात सोऱ्या आणा, इथे सहज मिळत नाही. झाडू आणू नका.