लीज्ड लाइन चालू असताना आयएसडीएन का डायल करते?

चाकणचा प्लँट, शिवाजीनगरचं ऑफिस, मधली लीज्ड लाइन (भाड्याची, कायम जोडलेली) धडधाकट, तरी बॅकअपची आयएसडीएन (डायल करून लागणारी डिजिटल फोनलाइन) रात्रभर लागलेली आणि बिल चढतंय, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं ओळखीचं आहे. कॉल लागतोय म्हणजे स्विच-टाइप (एक्स्चेंजचा प्रकार), चॅप (पासवर्डची तपासणी) वगैरे ठीकच असणार, ते सोडून देतो. खालचं सगळं सिस्कोच्या राउटरपुरतं समजा.

'शो डायलर' देऊन 'डायल रीझन'ची ओळ वाचा. तिथे २२४.०.०.५ दिसलं तर कॉल ओएसपीएफच्या (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायचा प्रोटोकॉल) हॅलोने, म्हणजे 'मी आहे' सांगणाऱ्या पॅकेटने लावलाय. हॅलो दर १० सेकंदांनी, आयडल टायमर (कामाचं ट्रॅफिक थांबल्यावर किती वेळाने कॉल तोडायचा तो) मुळात १२० सेकंदांचा. लाइन पडणार कधी? डायलर-लिस्टमध्ये (कोणत्या पॅकेटने कॉल लावायचा ती यादी) सरसकट आयपी परमिट असणार. तिला ॲक्सेस-लिस्ट (परमिट-डिनायच्या नियमांची यादी) जोडा: आधी ओएसपीएफ डिनाय, मग बाकी आयपी परमिट. हा डिनाय पॅकेट अडवत नाही. त्या पॅकेटमुळे कॉल लागत नाही आणि टायमर लांबत नाही, एवढंच.

मग गरज पडेल तेव्हा कॉल लावायला फ्लोटिंग स्टॅटिक रूट (आयएसडीएनकडे नेणारा, हाताने लिहिलेला राखीव रस्ता) हवा, डिस्टन्स २०० (आकडा लहान तो रूट आधी). ओएसपीएफचा ११०, त्यामुळे एरवी तो दडून राहतो. पण मास्क (पत्त्याचा किती भाग जुळायला हवा ते) ओएसपीएफच्या रूटशी तंतोतंत जुळवा. स्टॅटिकचा मास्क जास्त लांब असेल तर डिस्टन्स कितीही ठेवा, ट्रॅफिक आयएसडीएनवरच जाईल. डायलर मॅपमध्ये (कोणत्या पत्त्याला कोणता नंबर लावायचा त्या ओळीत) 'ब्रॉडकास्ट' लिहायचं राहून गेलं तर कॉल लागेल, पण नेबर (ओएसपीएफ बोलणारा पलीकडचा राउटर) जमणार नाही.

हा व्याप नको, 'बॅकअप इंटरफेस' (मुख्य पोर्ट पडलं की राखीव उठवणारी कमांड) लावून मोकळे व्हा, असं कुणीतरी सांगेलच. माझं स्पष्ट मत: नका लावू. तो फक्त इंटरफेस पडलाय का एवढंच बघतो. पावसाळ्याआधी रस्ते खोदले की केबल तुटते, तक्रार जाते, लाइनवाले तपासणीसाठी मोडेमला लूप (पाठवलेलं तसंच परत फिरवणारी जोडणी) लावतात आणि काढायचा विसरतात. राउटर दाखवतो 'लाइन प्रोटोकॉल अप', कंसात 'लूप्ड'. बॅकअपच्या लेखी सगळं आलबेल, प्लँट मात्र बंद. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. तक्रार कक्षाकडून दर वेळी एकच उत्तर, "आमच्या बाजूने लाइन ओके", आणि तिकीट बंद. लूप काढलाय का, हे सरळ विचारलं तरी कुणी बघायला तयार नाही. संताप येतो हो! 'बॅकअप इंटरफेस' ठेवणं भागच असेल तर सिरीयलवर (लीज्ड लाइनच्या पोर्टवर) 'डाउन-व्हेन-लूप्ड' टाकाच, म्हणजे लूप दिसला की पोर्ट पडलेलं धरलं जाईल. ओएसपीएफला मात्र लूपमधून नेबर दिसत नाही. ४० सेकंदांत रूट जातो आणि स्टॅटिक वर येतो.

चाचणी 'शटडाउन' देऊन करू नका. 'बॅकअप इंटरफेस' असेल तर त्याने बॅकअप उठतच नाही, आणि फ्लोटिंग स्टॅटिकवर खरा बिघाड तपासला जात नाही. सिरीयलवर आत येणारा ओएसपीएफ ॲक्सेस-लिस्टने अडवा, बाकी सगळं परमिट ठेवा. लाइन अप, नेबर गेलेला, अशा अवस्थेत पिंग लावा. कॉल लागेपर्यंतची पहिली पॅकेटं गळतील, ती सोडून द्या. मग लिस्ट काढा. ट्रॅफिक लीज्ड लाइनवर परतल्यावर दोनेक मिनिटांत कॉल सुटला पाहिजे. नाही सुटला तर 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस'मध्ये कॉस्ट (कमी असेल तो रस्ता ओएसपीएफ निवडतो) बघा: २ एमबीची साधारण ४८, बीआरआयची (आयएसडीएनच्या पोर्टची) १५६२. वेगळी दिसली तर कुणीतरी बँडविड्थचा आकडा बदललेला असतो, कॉस्ट त्यावरूनच निघते.