बाइंडच्या फाइलमधली चूक रीस्टार्टच्या आधीच कशी पकडायची?

तुमच्या कॉलेजच्या डीएनएस सर्व्हरवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर) बाइंड हे सॉफ्टवेअर आहे, फाइलमध्ये काही बदललं की रीस्टार्टनंतर सर्व्हिस उठतच नाही, आणि चूक आधी कळायचा काही मार्ग आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण पहिल्यांदा रीस्टार्ट मारायची सवय सोडा, आरएनडीसी रिलोड ही कमांड वापरा, ती बाइंड बंद न करता फाइल पुन्हा वाचायला लावते. रिलोड करताना चूक निघाली तर चालू असलेलं बाइंड जुन्याच सेटिंगवर चालत राहतं. रीस्टार्टमध्ये जुनं बंद झालेलं असतं आणि नवं उठत नाही.

आता तपासणी. बाइंडसोबतच दोन कमांड येतात. नेम्ड-चेककॉन्फ ही नेम्ड डॉट कॉन्फ, म्हणजे बाइंडची मुख्य सेटिंगची फाइल, तपासते. सगळं ठीक असेल तर ती एक अक्षर बोलत नाही, सरळ प्रॉम्प्ट परत येतो. चूक असेल तर फाइलचं नाव, ओळीचा नंबर आणि बहुतेक वेळा ‘मिसिंग सेमीकोलन’ असं काहीतरी. तो नंबर वाचून त्याच ओळीत शोधत बसू नका, एक ओळ वर बघा. सेमीकोलन वरच्या ओळीत राहिलेला असतो, पुढचा शब्द आल्यावर ते बाइंडच्या लक्षात येतं.

नुसती ही कमांड झोन फाइल, म्हणजे एका डोमेनच्या नोंदींची (रेकॉर्डची) फाइल, उघडूनही बघत नाही. त्यासाठी तिला हायफन झेड लावा, किंवा नेम्ड-चेकझोनला डोमेनचं नाव आणि फाइल द्या. शेवटी सीरियल नंबर (झोन फाइलचा आवृत्ती क्रमांक) आणि ओके आलं की व्याकरण बरोबर. आणि या कमांड रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने नाही, बाइंड ज्या युजरने चालतं त्या युजरने चालवा. रूटला सगळंच वाचता येतं, त्यामुळे परमिशनची चूक लपून राहते.

खरं सांगायचं ते इथून पुढे. ओके आलं म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. आपल्या सोलापुरात जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादर विणताना धागा तुटला तर माग थांबतो, पण नक्षी ठरवणाऱ्या पंचकार्डात भोक चुकीच्या जागी पडलं तर माग थांबत नाही, चुकीचं फूल निमूट विणत जातो. झोन फाइलचं तसंच आहे.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची ऑर्डर घ्यायची वेबसाइट मी नव्या होस्टिंगवर नेत होतो. सीनेम रेकॉर्डमध्ये (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदीत) होस्टिंगचं पूर्ण नाव लिहिलं आणि शेवटचा टिंब राहिला. टिंब नसला की बाइंड पुढे आपलंच डोमेन जोडतं. चेकझोन ओके म्हणालं, मी रिलोड केलं आणि घरी गेलो. सकाळी मालकांचा फोन, साइट उघडत नाही. टिंब दिला, सीरियल वाढवला, पाच मिनिटांचं काम. पण टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं तो आकडा, ८६४०० होता, म्हणजे अख्खा दिवस. ज्यांच्या रिझॉल्व्हरने (त्यांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरने) चुकीचं उत्तर धरून ठेवलं होतं, त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत साइट दिसली नाही. तेव्हापासून बदल करायच्या आदल्या दिवशीच मी टीटीएल ३०० वर आणतो.

एमएक्स (मेल सर्व्हरची नोंद) किंवा एनएसमध्ये (डीएनएस सर्व्हरची नोंद) टिंब विसरलात तर चेकझोन बहुधा कुरकुरतं, की या नावाला पत्ताच नाही. सीनेमच्या बाबतीत ते गप्प बसतं. म्हणून नेम्ड-चेकझोनला हायफन कॅपिटल डी लावा. मग ते प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण नावानिशी छापतं, आणि एकच डोमेन दोनदा लागलेलं चटकन डोळ्यात भरतं.

अशीच दुसरी फसगत सेमीकोलनची. नेम्ड डॉट कॉन्फमध्ये सेमीकोलनने वाक्य संपतं, झोन फाइलमध्ये त्याच सेमीकोलनपासून कॉमेंट सुरू होते. डीकेआयएमचा (मेलवरची सही तपासायची किल्ली असलेला) टीएक्सटी, म्हणजे मजकुराचा, रेकॉर्ड अवतरणचिन्हांत न टाकता चिकटवला तर पहिल्या सेमीकोलननंतरची अख्खी किल्ली कॉमेंट म्हणून गळून जाते, आणि तरीही ओके येतं. हायफन कॅपिटल डीमध्ये तो रेकॉर्ड बुटका दिसतो, तिथे पकडता येतो.

सीरियल मात्र तुम्हालाच सांभाळायचा आहे. जुना किती होता हे चेकझोनला माहीत नसतं, आणि तो वाढला नाही तर सेकंडरी सर्व्हर (झोनची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर) नवी झोन उचलतच नाही. मी तारीख आणि दोन आकडे लिहितो, म्हणजे २०२५०११४०१ असा.

रिलोड झालं की डिग या डीएनएसला प्रश्न विचारायच्या कमांडने आधी तुमच्याच सर्व्हरला, मग सेकंडरीला, बदललेलं नेमकं तेच नाव विचारा. दोघांची उत्तरं जुळली की मगच टर्मिनल बंद करा.