सोलापूर शहरात बेरोजगारी वाढतेय की घटतेय, हे आकड्यांवरून कसं ठरवायचं?

शहराचा तयार दर शोधत बसू नका. बेरोजगारीचा सरकारी आकडा पीएलएफएस या केंद्राच्या सर्वेक्षणातून येतो आणि 2024 पर्यंतचे छापील अहवाल राज्यापाशी थांबतात. त्यामागची कुटुंबवार कच्ची माहिती मात्र सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की फुकट मिळते. त्यातून सोलापूर जिल्हा, नागरी भाग, वय 15 आणि पुढे, एवढं गाळून घ्या. बार्शी-पंढरपूरही सोबत येतील, त्याला इलाज नाही.

साप्ताहिक स्थितीचा, म्हणजे गेल्या सात दिवसांत माणूस काय करत होता त्याचा, रकाना धरा. कोड 81 म्हणजे काम शोधणारे, 82 म्हणजे शोधत नाहीत पण मिळालं तर करतील असे. या दोघांच्या बेरजेला 11 ते 82 मधल्या सगळ्यांनी, म्हणजे काम करणारे आणि बेकार मिळून होणाऱ्या श्रमबलाने, भागलं की दर निघतो. प्रत्येक नोंदीला भारांक, म्हणजे ती नोंद किती माणसांच्या वतीने आहे तो आकडा, लावायचा, नाहीतर उत्तर चुकतं. वार्षिक स्थितीचा, म्हणजे गेल्या वर्षभरावरून काढलेला, दर बहुधा यापेक्षा कमी निघतो, म्हणून दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

सर्वांत मोठी चूक नमुन्याच्या आकाराची. समजा श्रमबलात 200 माणसं सापडली आणि त्यातली 10 बेकार, म्हणजे 5 टक्के. एवढ्याशा नमुन्यात हा दर 2 किंवा 8 सुद्धा असू शकतो. पुढच्या वर्षी 7 आला म्हणून मथळा करू नका. किमान तीन वर्षं एकत्र करा. शहरी कुटुंबांकडे चार वेळा जातात, तेव्हा पहिल्याच भेटीच्या नोंदी घ्या. जानेवारी 2025 पासून नमुना निवडायची पद्धत बदलली आहे. 2024 पर्यंतची रेघ पुढे ओढली तर पद्धतीतला फरक तुम्ही बेरोजगारी म्हणून वाचाल.

एवढं करून दर हाती आला, तरी सोलापुरात तो फसवतो. आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. शहराच्या पूर्व भागात घरी विड्या वळणारी बाई कारखान्यातून पान-तंबाखू आणते, हजारावर मजुरी घेते. आठवड्यात दोनच दिवस माल मिळाला तरी ती बेकार नाही. उलट घरबसल्या काम म्हणून ती स्वयंरोजगारात, कोड 11 मध्ये जाते. शेजारी बसून तिला हात लावणारी, वेगळी मजुरी नसलेली मुलगी कोड 21. यंत्रमाग दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आले आणि उरलेलं काम कामगारांनी वाटून घेतलं, तर मजुरी घटते, दर हलत नाही.

म्हणून मी दराआधी कोड 31, म्हणजे नियमित पगारी, यांचा वाटा बघतो. 31 आटतोय, 11 आणि 21 फुगतायत आणि दर उतरतोय, असं दिसलं तर शहराचं बरं चाललेलं नाही.

दर आणखी एका कारणाने उतरतो. हजारात 520 जण श्रमबलात, 26 बेकार, म्हणजे 5 टक्के. त्या 26 पैकी 10 जणांनी नाद सोडला आणि विचारल्यावर ‘घरीच असते’ सांगितलं, की उरले 510 मध्ये 16, म्हणजे 3.1 टक्के. नोकरी एकही वाढलेली नाही. पुण्याला किंवा हैदराबादला राहायला गेलेली पोरं तर इथल्या हिशेबात येतच नाहीत.

भविष्य निर्वाह निधीचे मासिक आकडे लोक हमखास पुढे करतात. तो कायदा मुळात 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांचा, त्यामुळे छोटे माग बाहेर राहतात. ‘महास्वयं’ या राज्याच्या रोजगार संकेतस्थळावरची नोंदणी त्याहून कच्ची: नोकरी लागली तरी नाव काढायला कोण जातो?

स्वतः चौकशी करणार असाल तर महापालिकेची हद्द पाळू नका. विडी कामगारांची मोठी वसाहत कुंभारीला, हद्दीबाहेर आहे. आणि ‘काम आहे का?’ असं विचारू नका, ‘हो’ येईल. विचारा, ‘गेल्या आठवड्यात किती दिवस माल मिळाला?’