छंदाच्या ड्रोनलाही नोंदणी लागते का?

प्रश्न : माझ्या मुलाने २४९ ग्रॅमचा ड्रोन विकत घेतला असून तो रायगडावर उडवण्याचा त्याचा बेत आहे. एवढ्या हलक्या यंत्राला परवाना लागतो का? (एक वाचक, महाड)

उत्तर : परवाना आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला चालक परवाना लागत नाही; २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोनही निव्वळ हौसेसाठी असेल तर तीच सवलत मिळते. नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे मात्र दोन्हींना आवश्यक आहे. वजनात बॅटरी व जोडलेले सर्व सुटे भाग धरले जातात, त्यामुळे पंख्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे बसवले की २४९ ग्रॅमचा आकडा सहज ओलांडला जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून पाहावे.

उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहावा. हिरव्या क्षेत्रात साधारण ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल क्षेत्रात थेट केंद्र सरकारची परवानगी हवी. नियमभंगाला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने नकाशात जागा हिरवी दिसली तरी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेर काढू नये.