टेरिटोरियल आर्मीत युनिट कसं ठरतं, आणि घराजवळचं मागून घेता येतं का

प्रश्न असा आहे की सांगली जिल्ह्यातला मुलगा, बीकॉम झालंय, खाजगी नोकरी चालू आहे, आणि टीएच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, रॅलीत (भरती मेळाव्यात) पास झाला तर त्याला १०९ बटालियन कोल्हापूर मिळेल, १०१ पुणे मिळेल की देवळालीची ११६ पॅरा, आणि युनिट आपल्याला निवडता येतं का. मी टीएच्या इन्फंट्री बटालियनमध्ये जवान म्हणून सेवा केलीय, नंबर इथे लिहीत नाही, पण रॅलीच्या ग्राउंडवर ड्युटी केलीय आणि हा गोंधळ प्रत्येक वेळी बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावा, पहिलं डोक्यातून हे काढ की आधी भरती होते आणि मग कुणीतरी वर बसून युनिट वाटतो. जवानांच्या बाबतीत टीएत जागाच बटालियनच्या नावाने निघतात. जाहिरातीत एक तक्ता असतो, त्यात कुठली बटालियन, कुठल्या राज्यातले उमेदवार, जीडीच्या (जनरल ड्युटी, म्हणजे साधा सैनिक) किती जागा, क्लार्कच्या किती, ट्रेड्समनच्या (हेअरड्रेसरसारखी कामं) किती हे सगळं छापलेलं असतं आणि मेरिट त्या जागांवर लागतं. म्हणजे तुझं युनिट बऱ्यापैकी तू पळायच्या आधीच ठरलेलं असतं. पोरं १.६ किलोमीटरची सहा महिने तयारी करतात पण तो तक्ता नीट वाचत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक मुलगा मला अजून आठवतो. पहाटे तीनपासून लाइनीत, पायात कॅनव्हासचे बूट, छातीवर मार्करने लिहिलेला चेस्ट नंबर घामाने पसरलेला, ग्रुपमध्ये पहिला आला, पुलअप्स दहा मारले. कागदपत्रांच्या टेबलवर आला आणि म्हणाला क्लार्कसाठी आलोय. हवालदार साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, त्या बटालियनला त्या वर्षी जीडी आणि हेअरड्रेसर एवढ्याच जागा होत्या. तो तिथेच फाइल छातीशी धरून उभा राहिला. जीडीत जायची तयारी आहे का विचारलं, तर घरी विचारून सांगतो म्हणाला, आणि मागे शंभर जणांची लाइन. असा निर्णय तिथे उभं राहून घ्यायचा नसतो.

एकाच रॅलीला दोन-तीन बटालियन भरती करत असतील तर तू कुणाच्या जागेसाठी उभा आहेस हे टेबलवर स्पष्ट विचार, विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि नंबरपुढे रेजिमेंटचं नाव का असतं तेही समजून घे. १०१ आणि १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या, ११६ पॅराशूट रेजिमेंटशी. पण युनिटच्या नावात पॅरा आहे म्हणून छातीवर पंख (पॅराशूटच्या उड्या पूर्ण केल्यावर मिळणारा बॅज) लागत नाहीत. धोनीचंच बघ, २०११ मध्ये १०६ पॅरा टीएत मानद लेफ्टनंट कर्नल झाला, पण पंख मिळाले २०१५ मध्ये, आग्र्याला जाऊन पाच उड्या पूर्ण केल्यावर. उडीचं ट्रेनिंग वेगळं, त्याचं मेडिकल वेगळं, भरतीच्या दिवशी त्याची खात्री कुणी देत नाही.

टीएतल्या युनिटचे बाकी प्रकार थोडक्यात सांगतो कारण ते तुझ्या कामाचे नाहीत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांची डिपार्टमेंटल युनिट्स त्या त्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी असतात, बाहेरच्याला तिथे प्रवेश नाही. इको बटालियन झाडं लावण्याचं, उजाड डोंगर हिरवे करण्याचं काम करतात, तिथे मुख्यतः माजी सैनिक घेतात. ऑफिसर व्हायचं असेल तर तो रस्ताच वेगळा, १८ ते ४२ वय, ग्रॅज्युएट, कमावता असायला हवा, मग लेखी, एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत), मेडिकल आणि युनिट टीए डायरेक्टोरेट ठरवतं. तू बीकॉम आहेस, तर याचाही विचार करून ठेव, बरीच पोरं ग्रॅज्युएट असून फक्त जवानाच्या रॅलीला येतात कारण हा रस्ता आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आता घराजवळच्या युनिटचं, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बटालियनचं मुख्यालय कोल्हापूरला आहे म्हणजे तू कोल्हापूरला नोकरी करणार असं नाही. कागदावर टीए म्हणजे वर्षातून एक-दोन महिने ट्रेनिंग आणि बाकी वेळ आपलं काम, पण बटालियन एम्बॉडी झाली, म्हणजे सरकारने तिला प्रत्यक्ष सेवेवर बोलावलं, की वर्दी पूर्णवेळ आणि जागा सरकार सांगेल ती. मे २०२५ मध्ये केंद्राने ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरी दिली, मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८, आणि त्यात नॉर्दर्न कमांडपासून अंदमान-निकोबारपर्यंत सगळं आहे. आमच्यातली कित्येक पोरं घरून बसने तासाभरात पोचू म्हणून आली होती आणि वर्षभरात काश्मीरमध्ये बर्फात पोस्टवर उभी होती. आईला फोन करायला रेंज शोधत टेकडीवर चढायचो आम्ही. मला त्याची खंत नाही, उलट तीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची वर्षं, पण हे माहीत असून गेलेला माणूस आणि माहीत नसताना गेलेला माणूस यांचा पहिला हिवाळा फार वेगळा जातो.

याचा पैशाशीही संबंध आहे. पगार मिळतो तो ट्रेनिंगच्या आणि एम्बॉडी असलेल्या काळाचा. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं एम्बॉडी सेवा भरावी लागते, नुसती भरती होऊन झालेली वर्षं धरत नाहीत. त्यामुळे जी बटालियन जास्त काळ एम्बॉडी राहते तिथल्या जवानाची सेवा लवकर साठते आणि दुसऱ्या बटालियनला डिसएम्बॉडी केलं की तुझ्यासारखाच जवान परत गावी येऊन जुनी नोकरी शोधत फिरतो. म्हणून युनिट विचारताना ते घरापासून किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा सध्या एम्बॉडी आहे का, किती वर्षांपासून, कुठे आहे हे विचार. त्या बटालियनचा सुट्टीवर आलेला जवान तालुक्यात कुणी ना कुणी सापडतोच, त्याच्याबरोबर चहा घे, ठिकाण नाही सांगणार पण बाकी सगळं सांगेल.

आत गेल्यावर कुठली कंपनी मिळेल हेही हातात नसतं, जिथे संख्या कमी तिथे पाठवतात. नंतर बदली करून घेऊ या भरवशावर तर मुळीच जाऊ नकोस.

आणि खाजगी नोकरी चालू आहे म्हणतोस तर रॅलीच्या आधी मालकाशी बोलून घे, बोलावणं आलं की थोड्या दिवसांत निघावं लागतं. डोमिसाइल आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही आजच बघ, वडिलांच्या नावातला एक काना जास्त असला तरी टेबलवर अडतं आणि दुरुस्तीला तहसीलमध्ये किती हेलपाटे पडतील सांगता येत नाही.